पाच वाजले की सासूबाई गाठोडं बांधतात

ताई, सलाम.
माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. दिवसभर त्यातल्या त्यात बऱ्या असतात, पण संध्याकाळी पाच वाजले की दोन लुगडी, तांब्या आणि बायबल यांचं गाठोडं बांधून दाराशी उभ्या राहतात. ‘मला घरी सोड.’ चाळीस वर्षं त्या याच घरात राहताहेत! मी समजावते, त्या रडतात, मग मी ओरडते. मागच्या आठवड्यात दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. दीर पुण्याहून फोनवर ‘काळजी घ्या वहिनी’ म्हणतात. पाच महिने मी उपासनेला गेलेले नाही. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, ‘हा तुझा वधस्तंभ आहे, आनंदानं वाहा.’ ताई, मला आनंद होत नाही. प्रार्थनेत काय मागावं तेही सुचत नाही.
– एक भगिनी, श्रीरामपूर

सलाम, बाळ.

पत्र वाचताना मी त्या वळापाशी थांबले. आधी माझं ऐक. तीस वर्षं नर्सची नोकरी केली, पुरुष वॉर्ड, बायकांचा वॉर्ड, सगळं पाहिलं. मग घरी माझ्याच सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि सहा वर्षं मी त्यांचं केलं. एका दुपारी चौथ्यांदा चहा मागितला म्हणून त्यांच्या हातातला पेला मी हिसकावला. चहा त्यांच्या पोटावर सांडला. नशीब, कोमट होता. त्या काही बोलल्या नाहीत, पदरानं पोट पुसत राहिल्या. तो पदर अजून डोळ्यांसमोर येतो. तेव्हा तुला दगड मारणाऱ्यांत मी नाही. पण वळ लहान गोष्ट आहे असंही म्हणणार नाही. सासूबाईंची माफी माग. त्यांना आठवत नसलं तरी माग. आणि ही गोष्ट नवऱ्याला सांग. पत्रात दीर आहेत, मंडळीतल्या बाई आहेत, नवऱ्याचा उल्लेखच नाही, हे माझ्या लक्षात आलंय.

आता गाठोड्याचं. बायबलमधल्या दुसऱ्या शमुवेलाच्या पुस्तकात, १९ व्या अध्यायात बर्जिल्लय भेटतो. ऐंशी वर्षांचा म्हातारा. दावीद राजा पळापळीत असताना यानं त्याला जेवू घातलं होतं. राजा म्हणतो, चल माझ्याबरोबर यरुशलेमेला, तुला सांभाळतो. म्हातारा म्हणतो, खाल्ल्याची चव मला कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, तुझ्यावर भार कशाला? मला माझ्या गावी, आईबापांच्या कबरीजवळ मरू दे. दावीद वाद घालत नाही. मुका घेतो, आशीर्वाद देतो, जाऊ देतो. तुझ्या सासूबाई तेच मागताहेत. फरक एवढाच की त्यांचं ‘घर’ आता कुठल्या गावात नाही, बहुतेक लहानपणात आहे. तिथं सोडता येत नाही, पण ‘हेच तुमचं घर’ असं दहादा पटवूनही उपयोग नाही. त्यापेक्षा विचार, ‘घरी कोण कोण आहे?’ अंगणात काय होतं, विहीर होती का? माझ्या सासूबाई अशा वेळी म्हशीचं नाव सांगायच्या.

या आजारात संध्याकाळी घालमेल वाढते, हे पुष्कळ घरांतलं आहे. अंधारून यायच्या आधीच, साडेचारला, दिवे लाव. चहा-बिस्किट तेव्हाच दे. जुनं भजन लाव किंवा म्हण. नावं विसरलेली माणसंही कडवी म्हणतात. आणि घोळ एकाएकी वाढला, दोन दिवसांत माणूस वेगळंच वाटायला लागलं, तर वय झालं म्हणून सोडू नकोस. लघवीला जंतुसंसर्ग किंवा पोट साफ नसणं, एवढ्यावरूनही म्हाताऱ्या माणसांचं डोकं फिरतं. डॉक्टरांना दाखव.

आता त्या बाईंचा वधस्तंभ. येशूचा वधस्तंभसुद्धा वाटेनं जाणाऱ्या शिमोन कुरेनेकराला वाहायला लावला होता, हे त्या विसरल्या असाव्यात. मला त्याहून जवळचं वाटतं ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायातलं. वॉर्डात आमची ड्यूटी संपली की चार्ज द्यायचा असतो: कुठला पेशंट, कुठलं औषध, कुणाची सलाईन संपत आलीय. चार्ज न देता निघणं गुन्हा, पण चार्ज देऊन निघणं हेही कामच. वधस्तंभावर, श्वास लागलेला असताना, प्रभूनं आईचा चार्ज दिला. भाऊ होते, तरी दिला त्याच्या लाडक्या शिष्याला, जो तिथं उभा होता. जवळ उभं कोण आहे, हे त्यानं पाहिलं. घरी मात्र सहा वर्षं माझ्याकडे चार्ज कुणी मागितला नाही, आणि मीही कुणाला दिला नाही. त्यातलाच तो पेला.

आनंद होत नाही म्हणून तुझा विश्वास कमी झाला, असं मी मानत नाही. प्रार्थनेत सुचत नसेल तर तेच सांग, ‘प्रभू, मी थकले.’ एलीया संदेष्टाही झुडपाखाली असंच म्हणाला होता. देवदूतानं उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं.

पाळकसाहेबांना आजच चिठ्ठी लिही. प्रभुभोजन घरी द्यायला या म्हणावं, सासूबाईंना आणि तुलाही. दिरांना ‘काळजी’ नको, महिन्यातले चार दिवस माग, तारखा घालून. नाहीच जमलं तर दिवसाच्या बाईचा पगार त्यांनी भरावा.

आणि वधस्तंभवाल्या बाईंना येत्या रविवारी नऊ ते साडेअकरा घरी बोलाव. म्हणावं, मी उपासनेला जातेय, तुम्ही बसा. चार्ज नीट दे: दहाला पाणी विचारायचं, बाथरूमला हात धरून न्यायचं, आणि गाठोडं बांधलं तर सोडायचं नाही, शेजारी ठेवून द्यायचं.