सिंहगडावरचा ‘बचनाग’

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे: सिंहगडाच्या वाटेवर पाकळ्या वर वळलेलं लाल-पिवळं फूल दिसलं, सोबतच्या आजोबांनी त्याला बचनाग म्हटलं, पण बचनाग म्हणजे वत्सनाभ ना?

ताई, तुम्ही पाहिलीत ती कळलावी. आजोबांचंही चूक नाही, आपल्याकडे कळलावीला खड्यानाग आणि बचनागही म्हणतात. शब्द मात्र वत्सनाभावरूनच आलाय. वासराच्या बेंबीसारखा कंद, म्हणून वत्सनाभ. प्राकृतात ‘वत्स’चा ‘वच्छ’ होतो, त्यातूनच हा ‘बच’. ‘नाभ’चा ‘नाग’ विषामुळे झाला असावा. वत्सनाभ ही वनस्पती हिमालयातली, निळ्या-जांभळ्या टोपीसारख्या फुलांची. सह्याद्रीत ती उगवत नाही.

कळलावीला संस्कृतात लांगली म्हणतात, कारण कंद नांगरासारखा वाकडा. अडलेल्या बाळंतिणीच्या बेंबीवर आणि तळपायांना त्याचा लेप लावायची जुनी चाल होती, कळा याव्यात म्हणून. घरात आणली की भांडणं लागतात, अशीही समजूत आहे. ‘कळलावी’ या नावात मला बाळंतकळांचाच अर्थ मूळचा वाटतो. ‘गर्भपातिनी’ हे तिचं दुसरं संस्कृत नाव त्याच बाजूचं आहे.

नावांची ही सरमिसळ मला खरोखर धोक्याची वाटते, कारण दोन्ही विषांची तऱ्हा वेगळी. वत्सनाभातल्या अकोनिटिनने थोड्याच वेळात ओठ-जिभेला मुंग्या येतात, बधिरपणा येतो आणि हृदयाची लय बिघडते. कळलावीतलं कोल्चिसिन आधी काही तास गप्प राहतं. मग उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढे अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं मंदावतं, आणि जगलेल्या माणसाचे केसही गळतात. हेच कोल्चिसिन डॉक्टर गाउटवर (युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीवर) देतात, पण गोळी असते ०.५ मिलिग्रॅमची! कंदाच्या तुकड्यात किती आहे ते घरी कोण मोजणार? वैद्यही दोन्ही द्रव्यं शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करायची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरत नाहीत (त्रिभुवनकीर्ती या आयुर्वेदिक औषधात असतो तो शुद्ध, म्हणजे शोधन केलेला, वत्सनाभ), आणि औषधविषयक नियमांतही दोन्ही विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत.

तेव्हा बोलताना, फोटोखाली लिहिताना कळलावीच म्हणा. कंद कुणी चुकून खाल्लाच, तर त्रास व्हायची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि झाडाचं फूल-पान सोबत न्या. कळलावीच्या पानाचं टोक वेलीच्या ताण्यासारखं वळलेलं असतं, तेवढ्यावरूनही ओळख पटते. नुसतं ‘बचनाग खाल्ला’ सांगितलंत, तर डॉक्टर साहजिकच दुसरं विष समजतील.