बेडसोर, पथ्य आणि वरणाचं पाणी

तुम्ही लिहिलंय की वडील अडीच महिने अंथरुणावर आहेत, पडून राहून माकडहाडाजवळ झालेली जखम (बेडसोर) दीड महिना झाला तरी भरत नाही, आणि शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून डाळ, अंडी, आंबट सगळं बंद केलंय. ते शेवटचं वाचलं आणि राहवेना. चार वर्षांपूर्वी आमच्या घरात हेच चाललं होतं. (मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ तर नाहीच. खुब्याच्या ऑपरेशननंतर पाच महिने सासूबाईंचं सगळं केलं, तेवढीच माझी शिकवणी.)

कूस बदलणं, हवेची गादी, चादरीला सुरकुती न ठेवणं हे तुम्ही करतच असाल, त्यावर लिहीत नाही.

आमचं चुकलं ते स्वयंपाकघरात. सासूबाई माळकरी, त्यामुळे अंडी-मासळीचा प्रश्नच नव्हता. उरली होती ती डाळ, आणि "डाळीनं जखम पिकते" म्हणून तीही गेली. म्हणजे नावाला होती. कुकरमधल्या वरणावरचं पाणी निथळून वाटीत घ्यायचं, वर चमचाभर तूप. मी मोठ्या प्रेमानं भरवायची. तळाची घट्ट डाळ रात्री आमटीत जायची आणि ती आम्ही खायचो. सहा आठवडे! जखम त्यांना आणि डाळ आम्हाला. आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

विचारलं नव्हतं असंही नाही. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर आहाराच्या रकान्यात दोनच शब्द होते, "हलका आहार". म्हणून तिथल्या आहार विभागात गेले. पहिल्यांदा मॅडम जेवायला गेल्या होत्या, दुसऱ्यांदा सुट्टीवर. तिसऱ्यांदा खिडकीतून एक छापील कागद हातात आला, पेज, खिमट, साबुदाण्याची खीर, नारळपाणी. अपेंडिक्सवाल्याला तोच आणि बेडसोरवालीलाही तोच. बिलात आहारसल्ल्याचे पैसे मात्र दोनदा लावलेले. नाव घेत नाही, पण त्या खिडकीसमोरून जाताना अजून डोकं तापतं.

डोळे उघडले ते घरी ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांमुळे. जखम बघून त्या म्हणाल्या, "काल उठल्यापासून पोटात काय काय गेलं ते सांगा, चहासकट." मी सांगत गेले, त्या मोजत गेल्या. दोन चहा, चार टोस्ट, मऊ भात, वरणाचं पाणी, सफरचंद, रात्री साबुदाण्याची खीर. सगळं मिळून प्रथिनं जेमतेम २० ग्रॅम. साबुदाण्यात तर जवळजवळ काहीच नसतं, खिरीत होतं ते दुधाचं. भेटायला येणाऱ्यांनी आणलेली सफरचंदं आणि शहाळी या हिशेबात शून्यच धरा.

निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरतात. बेडसोर असेल तर १.२५ ते १.५ ग्रॅम. सासूबाई ५२ किलोच्या, म्हणजे ६५ ते ७८ ग्रॅम हवीत. नवं मांस, नवी कातडी प्रथिनांचीच बनते, वर वाहत्या जखमेतून रोज थोडी प्रथिनं बाहेरही जातात. आणि पू होतो तो जंतूंमुळे, तुरीच्या डाळीमुळे नव्हे. आंबटाचंही तेच. कोलॅजन, म्हणजे कातडीला बांधून ठेवणारं प्रथिन, नीट तयार व्हायला क जीवनसत्त्व लागतं आणि आम्ही लिंबू-आवळाच बंद करून बसलो होतो.

मग काय केलं? वरण घट्ट. दुधात साय काढलेल्या दुधाची पावडर दोन मोठे चमचे, म्हणजे तेवढ्याच पेल्यात प्रथिनं जवळजवळ दुप्पट. सकाळी मुगाच्या धिरड्यात पनीर किसून. कणकेत थोडं सोयाबीनचं पीठ (जास्त घातलंत तर वास येतो आणि ताट परत येतं). रात्री पिठलं, भाजीत दाण्याचं कूट, चारच्या चहाला बिस्किटांऐवजी फुटाण्याचं पीठ ताकात कालवून. एका वेळी ढीगभर वाढलं तर बघूनच नको म्हणायच्या, म्हणून दिवसात सहा वेळा थोडंथोडं. तुमच्याकडे अंडी चालतात, मग तुमचं काम निम्मं सोपं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. भात, पोळी, तूपही कमी करू नका. पोटाला उष्मांकच कमी पडले तर शरीर खाल्लेली प्रथिनं सरपणासारखी जाळून टाकतं.

एकादशीवरून आमच्याकडे महाभारत झालं. शेवटी गावातले कीर्तनकार बुवा येऊन म्हणाले, "आधी जखम भरू द्या, पांडुरंग कुठं पळून जातोय?" तेव्हा कुठं साबुदाणा सुटला.

अजून एक, वडिलांची कवळी बसते का बघा. आमच्याकडे ती हॉस्पिटलपासून डबीतच पडून होती. आजारपणात गाल बसले, कवळी सैल झाली, आणि आम्हाला वाटायचं यांना भूकच नाही. मिश्री किंवा तंबाखू असेल तर तीही बंद करा, रक्तवाहिन्या आकसतात. आणि प्रोटीन पावडरचा महागडा डबा आणायच्या आधी मागची बारीक अक्षरं वाचा. काहींत चमच्याला प्रथिनांपेक्षा साखर जास्त.

आता सावधगिरीचं. वडिलांना मधुमेह आहे असं लिहिलंय, सासूबाईंना नव्हता. साखर वर असेल तर नुसत्या डाळ-पनीरनं जखम भरणार नाही. मूत्रपिंडं किती काम करताहेत ते तपासल्याशिवाय तर प्रथिनं वाढवूच नका. जखमेला वास, ताप, काळी पडलेली कातडी असं काही असेल तर आधी सर्जन, आहार नंतर. आमची जखम आहार बदलल्यानंतर अडीच महिन्यांत भरली, पण त्याच सुमारास ड्रेसिंगही बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय पिठल्याला देत नाही.

वडिलांचं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी आलंय म्हणून घाबरल्याचं लिहिलंय, पण जखम चिघळलेली असली, अंगात संसर्ग असला तरी ते खाली येतं. त्या एका आकड्यावरून जेवणाची पारख करू नका.

वडिलांचं वजन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती ते लिहा. आणि काल दिवसभरात पोटात काय काय गेलं तेही, चहातल्या बिस्किटासकट.