एक बॅक्टेरिया दुसऱ्या बॅक्टेरियाला विष घालून मारतो म्हणजे नेमकं काय करतो?

हो मारतो, आणि गंमत म्हणजे जास्त करून आपल्याच भाऊबंदांना, कारण खाणं आणि जागा एकच असते ना. आपल्या आतड्यातला ई. कोलाय घ्या. त्याच्या काही जाती कोलिसिन नावाचं प्रोटीन बनवतात, १९२५ मध्ये बेल्जियमच्या आंद्रे ग्राशियाने ते पहिल्यांदा पाहिलं.

आता आत कसं शिरतं बघा. समोरच्या ई. कोलायच्या अंगावर व्हिटॅमिन बी१२ आत घ्यायचं एक दार असतं, कोलिसिन ई३ हा कोलिसिनचा एक प्रकार नेमका त्यालाच चिकटतो आणि त्याचा मारक तुकडा आत घुसतो, मग रायबोसोमच्या, म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएला एकाच ठराविक जागी कापतो, बस, प्रोटीन बनणं बंद, खेळ खल्लास. कोलिसिन ई१ वेगळं, ते आतल्या पडद्याला भोक पाडतं.

मग बनवणारा स्वतः कसा मरत नाही? तो विषाबरोबरच उताराही बनवतो, इम्युनिटी प्रोटीन, ई३चं असेल तर ते विषाला गच्च धरून ठेवतं. पण खरं सांगायचं तर तो मरतोच, कारण कोलिसिन बाहेर सोडायला बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच फुटावं लागतं 😅 म्हणून डीएनएला इजा वगैरे झाली की थोडेच जण फुटतात, बाकीच्या भावंडांकडे उतारा असतो, ती मजेत वाढतात.

अशातलंच निसिन, लॅक्टोकोकस नावाच्या बॅक्टेरियाचं, चीज टिकवायला वापरतात, पाकिटावर ई२३४ दिसलं तर तेच.