बत्तीस कोअर लावले तरी सिम्युलेशन हळूच!

प्रश्न : सर, मी जळगावला एम.टेक. करतोय. ठिबकच्या ड्रिपरमधल्या नागमोडी वाटेतून पाणी कसं वाहतं त्याचं सिम्युलेशन ओपनफोममध्ये (प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर) चालू आहे, मेश ३ लाख सेलचा, म्हणजे वाटेचे तेवढे छोटे तुकडे पाडलेत. लॅबच्या वर्कस्टेशनवर ८ कोअरपेक्षा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला गणित करणारा एकेक भाग) ३२ लावले तर वेळ उलट जास्त लागतो. मित्र म्हणतात पुण्याच्या परम ब्रह्म सुपरकॉम्प्युटरवर टाक, चटकन होईल. होईल का?

उत्तर : एकच रन असेल तर नाही होणार भाऊ. ३ लाख सेल ३२ जणांत वाटले की एकेकाच्या वाट्याला साडेनऊ हजारही येत नाहीत, मग प्रत्येक कोअर आपलं गणित उरकून शेजाऱ्याच्या आकड्यांची वाट बघत बसतो, कारण हद्दीवरचा दाब नि वेग एमपीआयमधून (कोअरांमध्ये निरोप पोचवणारी यंत्रणा) सारखा एकमेकांना कळवावा लागतो. केळीच्या एका घडाला दहा माणसं लावली म्हणून तो लवकर उतरतो का? आणि ते ३२ खरे आहेत का तेही बघा, एलएससीपीयू कमांड मारली की कळतं. बऱ्याचदा खरे कोअर १६ च असतात, बाकीचे थ्रेड, म्हणजे त्याच कोअरच्या वाटण्या. वरून सगळ्यांची मेमरीकडे जायची वाट एकच, तिथं गर्दी होतेच.

आधी २, ४, ८, १६ कोअरवर थोडे थोडे टाइमस्टेप (गणितातले वेळेचे टप्पे) चालवा आणि लॉगमधला एक्झिक्युशनटाइम (प्रोसेसरचा वेळ) नि क्लॉकटाइम (घड्याळाचा वेळ) लिहून ठेवा, दोघांत मोठी तफावत दिसली तर बहुतेक डिस्कवर लिहिण्यात वेळ जातोय. अ‍ॅमडालचा नियम तर १९६७ पासून सांगतोय, १० टक्के काम एकट्यानंच करायचं असेल तर कितीही कोअर लावा, वेग दहापटीच्या वर जाणार नाही.

मग परम ब्रह्म कशाला? ड्रिपरच्या वाटेची रुंदी, दात्यांचा कोन बदलून तुम्ही पाच-पन्नास डिझाइन तपासणार असाल ना, तिथं त्याची खरी मजा. स्लर्ममध्ये (तिथं कामं रांगेत लावणारं सॉफ्टवेअर) जॉब अ‍ॅरे (एकसारख्या कामांचा गठ्ठा) टाकायचा, प्रत्येक डिझाइनला ८ कोअर, जागा मिळेल तसे सगळे सोबत चालतात. अर्ज करताना गाईडकडून ही टेस्टची आकडेवारी जोडून द्या, नुसतं ‘खूप कोअर पाहिजेत’ लिहून कोण देणार? आणि लॉगिन नोडवर (सगळे जिथून आत शिरतात ते सामायिक मशीन) सॉल्व्हर चालवू नका हो, बाकीचे शिव्या घालतात.

तोवर लॅबमध्येच ८ कोअरवर चालू द्या. मे महिन्यात आपल्याकडे लाइटीचा काय भरवसा, म्हणून राइटइंटर्व्हल (किती वेळानं सेव्ह करायचं ते) बेताचं ठेवा आणि स्टार्टफ्रॉममध्ये लेटेस्टटाइम टाका, लाइट गेली तरी शेवटच्या सेव्हपासून पुढं चालू होतं.