सोयाबीनचं पेप्टाइड आणि मायचा लेप

तुझे दोन प्रश्न आहेत. सोया आणि शेवाळाच्या पेप्टाइडचं 900 रुपयांचं सीरम वांगावर चालेल का, आणि माय म्हणते तसं घरचं सोयाबीन वाटून लावलं तर तेच नाही का? मायपासून सुरू करते, कारण तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

बुटीबोरीच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये मी अकरा वर्षं काढली. तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पेंडीतलं प्रथिन आम्ही पाण्यात कालवायचो, 50-55 अंशांवर ठेवायचो आणि त्यात प्रथिन तोडणारं एन्झाइम टाकायचो. आधी टाकीत पिठल्यासारखं घट्ट असायचं. दोन-तीन तासांत तेच ताकासारखं पातळ व्हायचं, कारण प्रथिनाची लांबच लांब माळ तुटून तिचे तुकडे झालेले असायचे. हे तुकडे म्हणजेच पेप्टाइडं. मग तापवून एन्झाइम मारायचं आणि गाळायचं. त्यातला थेंब जिभेला लावला तर कडूजहर. घरी पाट्यावर वाटल्यानं ही माळ तुटत नाही, म्हणून मायच्या लेपात ती पेप्टाइडं नाहीत.

पण कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिन तोडणाऱ्या एका एन्झाइमला, रोखणारी छोटी प्रथिनं असतात. कातडीतला काळा रंग वरच्या पेशींकडे जातो, ते जाणं त्यांनी कमी होतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. मायचं बरोबर आहे ते इथं. अडचण अशी की शिजवलं, उकळलं की ती मरतात, आणि कच्चा लेप मे महिन्यात आपल्याकडच्या 44-45 अंशांत दुपारपर्यंत आंबतो. वर तो वाळल्यावर खरवडून काढतात. वांगावर घासलं की वांग आणखी गडद होतं. म्हणून लेप नकोच.

आता सीरम. कातडीचा वरचा थर साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) मोठं काही सहज आत जाऊ देत नाही. सोयाच्या पेप्टाइडांचे बरेच तुकडे त्याहून मोठे असतात. ते वरच बसतात, पाणी धरून ठेवतात. हिवाळ्यात गाल फुटतात तेव्हा त्याचा खरंच उपयोग होतो, मी स्वतः वापरलंय. वांगाचा रंग मात्र खाली तयार होतो, तिथं ते पोचत नाहीत. सुरकुत्यांवर ज्याचा अभ्यास झाला ते पामिटॉइल पेंटापेप्टाइड-4 तर वनस्पतीचं नसतंच. ते पाच अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी, एकेक करून जोडून कारखान्यात बनवतात.

शेवाळ म्हणजे बहुतेक स्पिरुलिना नाहीतर क्लोरेला. लोणारच्या खाऱ्या पाण्याला हिरवा रंग येतो तो स्पिरुलिनाच्या गोतावळ्यामुळेच. वाळवलेल्या स्पिरुलिनात 60 टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं, पण आत शिरण्याचं गणित तेच. आणि लोणारचं पाणी आणून तोंडाला लावू नको गं, फार अल्कधर्मी आहे ते.

बाटलीमागची यादी बघ. जे जास्त असतं ते आधी लिहितात. त्यात फिनॉक्सीइथेनॉल शोध, ते सीरम खराब होऊ नये म्हणून टाकतात. ते 1 टक्क्यापेक्षा जास्त टाकत नाहीत. 'हायड्रोलाइज्ड सोय प्रोटीन', म्हणजे तेच तोडलेलं सोयाचं प्रथिन, त्याच्याही खाली लिहिलं असेल, तर पेप्टाइड 1 टक्क्यापेक्षा जास्त नाही. तू 900 रुपये पाणी आणि ग्लिसरीनचे देतेस.

सोयाबीन किंवा गहू खाऊन अंगावर गांध्या उठत असतील तर असलं काही लावूच नको. जपानमध्ये हायड्रोलाइज्ड गव्हाच्या प्रथिनाचा तोंडाचा साबण निघाला होता. तो वापरून 2,000 हून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली, पोळीसारखं खाणंही बंद झालं. 2011 च्या सुमाराला हे उघड झालं.

वांग सगळ्यात जास्त वाढवतं ते ऊन. कापूस वेचायला जाताना शेला नाकावरून बांध, निघायच्या आधी एसपीएफ 30 किंवा वरचं सनस्क्रीन लाव, दुपारच्या भाकरीच्या वेळी पुन्हा लाव. हे तीन महिने नेमानं कर.

आणि 'गोरं करणारी' ट्यूब दुकानदार पुढे करेल, ती घेऊ नको. माझ्या वहिनीला अशीच एक मिळाली. महिन्याभरात चेहरा उजळला. चौथ्या महिन्यात कातडी इतकी पातळ झाली की चुलीपुढं बसली तरी आग व्हायची, गालावर लाल शिरा दिसायच्या. त्यात स्टेरॉइड होतं, आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. तू आत्ता अशी काही ट्यूब लावत असलीस तर एकदम बंद करू नको, आधी कातडीच्या डॉक्टरला दाखव. अकोला, यवतमाळ दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असतील तर तेही त्यांना सांग, त्यांनीही वांग येतं.

सीरम अजून मागवलं नसेल तर थांब, आधी यादीतली पहिली पाच नावं मला लिहून पाठव.