वाचक विचारतात : कथेत श्रद्धा नेमकी कुठे असावी?

प्रश्न : मी घोरपडीला राहते, शाळेत गणित शिकवते आणि दोन वर्षांपासून कथा लिहिते. आमचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे आणि माझे लेखन माझ्या श्रद्धेवर उभे राहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र एका प्रकाशनसंस्थेच्या परीक्षकांनी ‘कथा चांगल्या आहेत, पण वातावरण फार चर्चचे आहे, सर्वसामान्य मराठी वाचकाला ते परके वाटेल’ असे कळवले. त्याच कथा आमच्या चर्चच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांना दाखवल्या, तर ते म्हणाले, ‘बाई, सगळे छान आहे, पण यात साक्ष कुठे आहे?’ मी कोणाचे ऐकावे? सोबत ‘फराळ’ ही कथा पाठवत आहे.

उत्तर : तुमची कथा मी दोनदा वाचली आणि उत्तराची सुरुवात तिच्यापासूनच करतो, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या शेवटच्या पानावर तुम्हीच लिहून ठेवले आहे आणि लगेच पुढच्या वाक्यात ते पुसूनही टाकले आहे. नाताळच्या आदल्या आठवड्यात रेल्वे क्वार्टरमधल्या लहानशा स्वयंपाकघरात सासू आणि सून करंज्या करत बसल्या आहेत. दोघींमध्ये आठ महिन्यांचा अबोला आहे. सून लाटते आहे, सासू सारण भरून कातण्याने कड कापते आहे आणि जे काही बोलणे होते ते नातवामार्फत होते (‘आईला सांग, पारी जाड होतेय’). तळताना एक करंजी फुटते. तुम्ही लिहिता, ‘आजीने फुटकी करंजी आपल्या ताटलीत घेतली आणि अख्खी सुनेपुढे सरकवली.’ त्यापुढचे वाक्य असे आहे : ‘अशा रीतीने प्रभूने आजीच्या कठोर अंतःकरणाला स्पर्श केला व तिला क्षमेचे वरदान दिले.’

हे दुसरे वाक्य काढून टाका. त्यात खोटे काही नाही. तुमची श्रद्धा तसेच मानते आणि मीही मानतो. पण फुटक्या करंजीने जे सांगून झाले आहे तेच ते पुन्हा सांगते, आणि सांगताना ती आजी, ती सून, कढईतले तेल हे सारे बाजूला सारून त्या जागी आपण दर रविवारी ऐकतो ते शब्द ठेवते. ते शब्द उपासनेत आपल्या जागी असतात. तिथे त्यांना सगळ्या मंडळीच्या आवाजाचा आधार असतो. कथेत त्यांना तो मिळत नाही.

आता ‘साक्ष कुठे आहे?’ या प्रश्नाकडे वळू. विचारणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, फक्त साक्ष म्हणजे प्रभूने काय केले ते उघड शब्दांत सांगणे, असा अर्थ त्यांनी जरा घाईने लावला आहे असे मला वाटते. न्यायालयात साक्षीदार आपण काय पाहिले तेवढेच सांगतो. निकाल सांगू लागला तर न्यायाधीश त्याला थांबवतात. तुम्ही करंजी पाहिली, ती सांगितली, तुमची साक्ष तिथे पूर्ण झाली. लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो, पण तो कुठे थांबतो याकडे आपले लक्ष नसते. घर सोडून पैसा उधळलेला धाकटा परत आला, मेजवानी सुरू झाली, थोरला रागावून अंगणातच उभा राहिला आणि बाप त्याची समजूत घालायला बाहेर आला. पुढे थोरला घरात गेला की नाही, हे येशूने सांगितलेलेच नाही. जुन्या करारातील एस्तेरचे पुस्तक तर याहून धीट आहे : मूळ हिब्रू संहितेत देवाचे नाव एकदाही येत नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. वडीलधाऱ्यांना हे दोन दाखले नम्रपणे द्या. ते शास्त्र जाणणारे असतील तर वाद घालणार नाहीत.

परीक्षकांचे म्हणणे मला अर्धेच पटते. मराठी वाचकाला चर्चचे वातावरण परके वाटेल, ही समजूत मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला धरून नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाच्या धर्मगुरूने, रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यांनी ओवी हा छंद घेतला, पुराण हे नाव घेतले आणि स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्दही वापरला. परदेशातून आलेल्या माणसाने श्रोत्यांच्या कानाला ओळखीची वाटेल अशी वाट चारशे वर्षांपूर्वी शोधली, आणि आपण इथे जन्मून अजून इंग्रजी प्रवचनांच्या भाषांतरासारखे मराठी लिहितो. पुण्याचेच बोलायचे, तर गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनमध्ये १८९० साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह बड्या मंडळींपुढे चहा आला, तेव्हा त्यावरून माजलेले ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, पुढे किती काळ गाजले हे सर्वांना ठाऊक आहे. या शहराला चर्च परके नाही. चर्चच्या आत मराठी बोलणारी माणसे राहतात, एवढेच त्याला फारसे कोणी सांगितलेले नाही.

म्हणून पाळकसाहेब, प्रभुभोजन, मंडळी, कॅरल, नाताळचा फराळ हे शब्द निःसंकोच वापरा आणि कंसात त्यांचे अर्थ देऊ नका. ज्या वाचकाने कधी सोवळे पाळले नाही तोही सोवळ्यातल्या स्वयंपाकघराची कथा समजून घेतो. तुमच्या स्वयंपाकघराचीही घेईल. परीक्षकांचे म्हणणे पटते ते दुसऱ्या एका बाबतीत. ‘प्रभूने मनात घातले’, ‘प्रार्थनेचे ओझे आले’, ‘तिला आशीर्वादित केले’ अशी वाक्ये तुमच्या पात्रांच्या तोंडी शोभतात, कारण आपल्या घरांत माणसे खरोखरच अशी बोलतात. निवेदक मात्र पानोपानी तीच भाषा बोलू लागला की वाचकाला आपण कथेऐवजी प्रार्थनासभेत येऊन बसलो आहोत असे वाटते, मग तो वाचक ख्रिस्ती का असेना.

या बाबतीत मी कोणी संत नाही. माझ्या पहिल्या छापील कथेचा दारुडा नायक एका रविवारी उपासनेला जातो आणि त्याच रात्री बाटली फोडतो. दिवाळी अंकात ती आली तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. माझ्या आईने चष्मा वर सरकवून ती वाचली आणि एवढेच विचारले, ‘दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे हात थरथरले नाहीत का रे?’ माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण दुसऱ्या दिवसाची सकाळ मी पाहिलीच नव्हती.

ही चूक आपल्यात जुनी आहे. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिला मान मिळाला. त्या काळातील विधवांचे हाल तिच्यात ज्या धिटाईने मांडले आहेत त्यासाठी ती आजही वाचावी. पण जिथे ती उपदेश करू लागते तिथे माझे डोळे पुढचे पान शोधू लागतात, आणि हे मी पदमनजींविषयी पूर्ण आदर बाळगून म्हणतो. याउलट लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे पाहा. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्या बातमीने आपल्यावर काय कोसळले हे लक्ष्मीबाई जवळजवळ चार दशकांनंतर लिहितात. तोवर त्या स्वतः कित्येक वर्षे ख्रिस्ती होत्या. नवी श्रद्धा मिळाल्यावर जुन्या स्वतःला अडाणी ठरवणे किती सोपे होते! त्यांनी ते केले नाही. तेव्हाचे दुःख त्यांनी तेव्हाच्याच मापाने सांगितले, नवऱ्याचा लहरी स्वभाव झाकला नाही आणि स्वतःवर हसायलाही त्या कचरल्या नाहीत. श्रद्धेवर उभे राहिलेले मराठी गद्य कसे असते, हे मला त्यांच्याकडून कळले.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण कथा वाचताना मला सलली म्हणून सांगतो. ‘फराळ’मध्ये आजीचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, दोनदा येतो आणि दोन्ही वेळा भेकड दिसतो. आठ महिने बायको आणि आई यांच्यामध्ये जेवायला बसणाऱ्या माणसाच्या घशाखाली घास कसा उतरत असेल, याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. मत्तयच्या पाचव्या अध्यायातील शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा लेखकाला सर्वांत आधी त्याच्या नावडत्या पात्राबाबत पाळावी लागते. त्या मुलाला एक पान द्या. तो स्टेशनवरून रात्रपाळी संपवून येतो असे तुम्ही म्हटले आहे. त्याच्या डब्यात त्या दिवशी काय होते आणि तो डबा दोघींपैकी कोणी भरला होता, एवढे लिहिले तरी कथा बदलेल. मग ती त्याच परीक्षकांकडे पुन्हा पाठवा.

प्रश्न : माझ्या कादंबरीत पवित्र शास्त्रातील वचने बरीच येतात. कोणते भाषांतर वापरावे आणि परवानगी लागते का? – एक वाचक, येरवडा

उत्तर : भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर, आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या कृतीबाबत प्रकाशनानंतर, साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर त्यामुळे आता सर्वांसाठी खुले आहे. १९२२ साली निधन होण्यापूर्वी त्यांनी ते पुरे केले, आणि साध्या बायकांना कळावे अशी भाषा त्यांनी त्यात मुद्दाम योजली. अलीकडच्या भाषांतरांचे हक्क मात्र संबंधित संस्थांकडे असतात. एखाद्‌दुसऱ्या वचनाखाली भाषांतराचे नाव दिले तर सहसा अडचण येत नाही. पानेच्या पाने घेणार असाल तर आधी पत्र पाठवून लेखी परवानगी घ्या.

कोणते भाषांतर घ्यावे हे पात्रावरून ठरवा. सत्तरीतल्या माणसाला लहानपणी पाठ केलेली जुनी वचने आठवतील, त्याच्या नातीला फोनवरचे नवे भाषांतर. दोघांच्या तोंडी एकच पाठ घातलात तर जाणकार वाचकाला ते लगेच खटकेल. आणि शेवटचे प्रूफ आले की अध्याय व वचनांचे आकडे स्वतः तपासा. माझ्या एका पुस्तकात योहान ३:१६ चे ३:६१ झाले होते, आणि योहानाच्या तिसऱ्या अध्यायात एकूण वचनेच छत्तीस आहेत.