भूमिगत खाणीसाठी डीजी (डिझेल जनरेटर) किती केव्हीएचा? आधी काय बंद राहायला हवं ते ठरवा

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं: इंदूरला सांवेर रोडवर तुमचं पॅनेलचं वर्कशॉप, ऑर्डर छिंदवाडा जिल्ह्यातल्या भूमिगत कोळसा खाणीची. ३३ केव्हीची लाइन जंगलातून येते, पावसाळ्यात दिवसातून तीन-चारदा लाइट जाते. मॅनेजरसाहेब म्हणतात, १००० केव्हीएचा एकच डीजी आणि ऑटो चेंजओव्हर (लाइट जाताच लोड आपोआप डीजीवर नेणारा पॅनेल) टाका, १५ सेकंदांत सगळी खाण परत चालू. शिवाय खालचा ९० किलोवॅटचा पंप सुरू होताना ट्रिप होतो आणि अर्थ लीकेज रिले सारखा पडतो.

'सगळी खाण १५ सेकंदांत' हे आधी डोक्यातून काढा. लाइट गेली की खाणीत हवा खेळवणारा मेन फॅन थांबतो, पण कोळशातून मिथेन सुटायचा थांबत नाही. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते, म्हणून १.२५ टक्क्यांच्या वर गेला की त्या भागाची वीज तोडायची, असा नियम आहे. आता कुठल्या गॅलरीत (खाणीतल्या बोगद्यात) किती साठलाय हे कोणी मोजलेलं नसताना तुमचा पॅनेल आपणहून तिथे वीज ढकलणार. पीथमपूरच्या कारखान्यात तोच पॅनेल झकास चालेल, इथे नाही.

त्यामुळे ऑटो चेंजओव्हर फक्त जमिनीवरच्या लोडला: मेन फॅन, माणसं वर आणणारं हॉलेज, लॅम्प रूम, गॅस मॉनिटरिंगची कंट्रोल रूम. खाली जाणाऱ्या फीडरच्या ब्रेकरला अंडरव्होल्टेज कॉइल (वीज जाताच ब्रेकर पाडणारी) हवीच, आणि तिच्या सर्किटमध्ये फॅन चालू असल्याचा कॉन्टॅक्ट घ्या. तो नुसता फॅनच्या कॉन्टॅक्टरवरून घेऊ नका, हवेच्या दाबाच्या स्विचवरूनही घ्या. बेल्ट तुटला तरी मोटर बिनदिक्कत फिरत राहते. ब्रेकर परत टाकायचा तो हातानेच. आधी फॅन स्थिर, मग खाली सरदार किंवा ओव्हरमनने (खाणीतले सुरक्षा पाहणारे पर्यवेक्षक) मिथेनोमीटरने तपासणी करायची, त्याचा निरोप रजिस्टरला नोंदवायचा, मग एकेक डिस्ट्रिक्ट (खाणीचा विभाग) चालू करायचा. खालचे टेलिफोन आणि गॅस सेन्सर बॅटरीवर, इंट्रिन्सिकली सेफ (गॅस पेटवेल एवढी ठिणगीच न होणारे) प्रकारचेच.

आता डीजीचा हिशेब. तुमच्या यादीप्रमाणे फॅन ११०, हॉलेज ७५, पंप ९० किलोवॅट, वरचं किरकोळ २०. मोटरची कार्यक्षमता ९३ टक्के धरली तर एकूण सुमारे ३१६ किलोवॅट, म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला ३९५ केव्हीए. मी १००० चा एक घेणार नाही, ३२० चे दोन घेईन, सिंक्रोनायझिंगसकट (दोन्ही एकाच बसवर मिळून चालतील असे). रात्री फक्त फॅन आणि दिवे असतात, जेमतेम १३८ किलोवॅट. मोठ्या सेटवर तो लोड १७ टक्के भरतो; इंजिन तापत नाही, न जळलेलं डिझेल आणि काजळी सायलेन्सरमध्ये साठते, आणि खरी गरज पडते तेव्हा सेट लोड घेत नाही. ३२० वर तोच लोड ५४ टक्के. एक सेट दुरुस्तीला गेला तरी दुसऱ्यावर फॅन, पंप आणि दिवे निभावतात. फक्त पंप चालू असताना हॉलेज थांबवावं लागेल. फॅन थेट सुरू केला तर ९०० केव्हीएच्या आसपास झटका बसतो, सॉफ्ट स्टार्टरने (मोटरला व्होल्टेज हळूहळू देणारं उपकरण) तो तिप्पट करंटवर, सुमारे ४१५ केव्हीएवर येतो. म्हणून फॅन सुरू करताना दोन्ही सेट बसवर असू द्या, आणि बाकीची लोडं त्यानंतरच, एकेक करून.

पंपाला किती वेळ थांबता येतं, हे खाणीकडून लेखी मागा. झिरप ताशी ४० घनमीटर आणि सम्पमध्ये (पाणी साठायच्या खड्ड्यात) १०० घनमीटर जागा रिकामी असेल, तर अडीच तास हातात आहेत. मग गॅस तपासून पंप लावायला घाई कसली?

पंपाच्या ट्रिपचं कारण केबल आहे, पंप नव्हे. ७० चौरस मिमी तांबं, ८०० मीटर, ५५० व्होल्ट. चालताना १२० अँपिअरला साधारण ५२ व्होल्ट पडतात. सुरू होताना तर मोटरपर्यंत ३८५ व्होल्टच पोचतात, टॉर्क (फिरवण्याचा जोर) निम्म्यावर येतो, पंप रेंगाळतो आणि ओव्हरलोड रिले पडतो. सॉफ्ट स्टार्टर लावून टॉर्क आणखी घटेल. ३.३ केव्ही खाली न्या आणि पंपाजवळ फ्लेमप्रूफ (आतली ज्वाला बाहेर न येऊ देणारा) ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मर बसवा. तोच लोड २० अँपिअरवर येतो आणि त्या ८०० मीटरमधली घट पाव टक्का राहते.

अर्थिंगमध्ये बहुतेक पॅनेलवाले फसतात. खालच्या ५५० व्होल्टच्या सिस्टिमचा न्यूट्रल रेझिस्टरमधून अर्थ करतात, अर्थ फॉल्ट करंट ७५० मिलीअँपिअरच्या आत ठेवायला. ३१७ भागिले ०.७५, म्हणजे ४२३ ओहम, २४० वॅट सतत सोसणारा. अर्थ कोअरचा (केबलमधल्या अर्थच्या तारेचा) रोध १ ओहम असेल तर फॉल्टच्या वेळी मशीनच्या बॉडीवर पाऊण व्होल्टही नसतो. पण अर्थ कोअर तुटलेला असेल आणि कोणी हात लावला, तर ४२३ ओहम मध्ये असूनही शरीरातून २०० मिलीअँपिअरच्या वर जातील, आणि तेवढे माणूस मारायला पुरेसे आहेत. पायलट कोअर (अर्थ कोअर तुटताच वीज तोडायला लावणारी केबलमधली बारीक तार) आहे तो यासाठी. पायलट शॉर्ट करून मशीन चालवायची सवय कुठे दिसली तर काम तिथेच थांबवा. डीजीच्या ४१५ व्होल्टचा न्यूट्रल सरळ अर्थ केलेला असतो, तो खालच्या सिस्टिमला कधीही जोडू नका. मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या सेकंडरीला स्वतःचा रेझिस्टर.

फ्लेमप्रूफ बॉक्स पेसोच्या (स्फोटक सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) मंजुरीवर घेऊ नका, ती जमिनीवरच्या उद्योगासाठी असते. कोळसा खाणीला ग्रुप १ चं (मिथेन असलेल्या खाणींच्या वर्गाचं) डीजीएमएस, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, अप्रूव्हल लागतं. आल्यावर फ्लँज (झाकण आणि बॉक्स जुळतात ती कड) स्वतः पाहा: रंगाचा थेंब नको, सिलिकॉन नको, रबर गॅस्केट तर नकोच. फीलर गेज चारी बाजूंनी फिरवा, सर्टिफिकेटमधल्या गॅपपेक्षा जाड पत्ती आत शिरता कामा नये. सगळे बोल्ट हवेत. रिकाम्या ग्लँडच्या भोकात लाकडी खुंटी नव्हे, फ्लेमप्रूफ प्लगच.

वीज कंपनीशी बोलायचं असेल तर छिंदवाडा जबलपूरच्या पूर्व क्षेत्र कंपनीत येतं. इंदूरच्या पश्चिम क्षेत्रातली ओळख तिथे कामाची नाही. लाइन ट्रिप झाल्याची वेळ आणि रिलेचा फ्लॅग (कुठल्या दोषाने पडला ते दाखवणारी खूण) महिनाभर लिहून मगच जा, नाहीतर 'झाडाची फांदी' एवढंच उत्तर मिळेल.

अर्थ लीकेज शोधायला सगळे गेट एंड बॉक्स (खालच्या मशीनना वीज देणारे स्विचबॉक्स) बंद करून एकेक चढवा; ज्याला रिले पडेल त्याची केबल दोन्ही टोकांनी सोडवून १००० व्होल्ट मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) बघा, १ मेगाओहमच्या खाली असेल तर आधी प्लगमधलं पाणी आणि जुने जोड तपासा. सॉफ्ट स्टार्टर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) मेगरपूर्वी सोडवायला विसरू नका. आकडे आले की केबलच्या लांबीसकट इथे टाका.